सरूच्या पायांवरची बोटं

चमत्काराच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. आता तुम्ही मला म्हणा... पण शेवटपर्यंत वाचून!

मी अकोल्याचा, कापसाचा दलाल. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला वेड्यासारखा भाव चढला होता, तेव्हाची ही गोष्ट. अमरावतीहून बहिणीचा, गोदीचा, निरोप आला – सरूचा गोवर गेला, पण पोर बरी नाही, लवकर ये. मी बंडी जुंपून निघालो.

भाऊजींच्या, म्हणजे गोदीच्या नवऱ्याच्या, वखारीत पाहतो तर जत्रा! सहा वर्षांची सरू कापसाच्या बोऱ्यांवर बसवलेली. कपाळभर कुंकू, नाकाखाली वाळलेलं रक्त. कापूस घेऊन येणारा जो तो तिचे पाय धरत होता.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी सवयीनं वाकलो, तर पोरीनं पाय आखडले.

"मामा, नोको... दुखते."

पायांवर निळेजांभळे डाग होते. नीट पाहिलं – बोटं होती ती! ज्यानं पाय धरले, त्याची बोटं तिच्या कातडीवर उमटलेली.

"भाऊजी, हे काय?"

"गोवरात देवीमाय आली ते गेलीच नाई, साळेबुवा! पाय धरले का ठसा उमटते. लोक आता कापूस दुसरीकडं नेतच नाई."

"अन् वैद्य?"

"माय घरात असतानी वैद्य? तुमाले समजते का काही?"

दाराआडून गोदी म्हणाली, "दादा, लेकरू सुकून राह्यलं रे माह्यं."

माझं डोकंच फिरलं. मी सरूच्या पुढे आडवा उभा राहिलो. "लेकराचं रक्त वाहून राह्यलं अन् तुम्ही दुकान मांडलं? हात तर लावून दाखवा कोणी!"

"माही लेक हाये!" म्हणत भाऊजींनी मला ढकललं आणि सगळ्यांदेखत तिचे दोन्ही पाय गच्च आवळले.

सरू रडली नाही. तिच्या पायांवर नवा एकही डाग उठला नाही. भाऊजी मात्र "अगं माय!" करत खाली बसले. त्यांच्याच पावलांवर निळी बोटं उमटत होती... हळूहळू, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. उजवीकडे एका बोटाची जागा कोरी. भाऊजींच्या उजव्या हाताचं ते बोट सरकी काढायच्या चरखीत कधीच गेलं होतं!

वखार अशी रिकामी झाली म्हणता! मी मायलेकींना बंडीत घातलं, थेट अकोला. वैद्य म्हणाले, गोवरानंतर एखाद्या लेकराचं रक्त असं फुटतं. दाबू नका, पडू देऊ नका, बहुधा आपोआप थांबतं. थांबलं. सरू आता चिंचेवर चढते.

भाऊजींच्या पायांचं विचारलं, तर वैद्य पुढच्या रोग्याकडे वळले. ते डाग अजून गेलेले नाहीत. का, ते मला आजही सांगता येत नाही.

दर दसऱ्याला सोनं द्यायला जातो, तेव्हा मी मुद्दाम पाया पडायला वाकतो. भाऊजी पाय आखडतात.

"साळेबुवा, नोको... दुखते."

माझा राग अजून गेलेला नाही. मी आणखी थोडा वाकतो.