अंगणात एकटाच आलेला भारीट

मंडळी, आज सकाळी इंदापूरला आमच्या अंगणात भारीट आला! पिवळं पोट, काळं डोकं. चिमण्यांसाठी टांगलेल्या ज्वारीच्या कणसावर बसून दाणे टिपत होता. घराशी मी तो पहिल्यांदाच पाहिला.

मी फोन काढतोय तोवर वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला उडवायला हात वर केले.

"तात्या, नका!"

"आरं, ह्यांच्यामागं गोफण फिरवण्यात माझी जवानी गेली." मग तेच थबकले. "पर ह्यो एकटाच कसा? थवंच्या थवं यायचं."

"समद्या शिवारात ऊस झालाय. खाणार काय ती?" मी म्हटलं.

तात्यांनी हात खाली घेतले. त्याच्याकडे बघत म्हणाले,

"पुढच्या रब्बीला बांधाकडंला थोडी ज्वारी पेरू."

"पाखरं खातील की!"

"मग कुणासाठी पेरतोय?"

तुमच्याकडे कुणाला भारीट दिसलेत का? कळवा, तात्या विचारतायत.