श्वास सोडत उठायचं

डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "पल्मनरी फायब्रोसिस आहे." मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं. जखम भरल्यावर कातडीवर टणक वण राहतो, तसे वण ह्यांच्या फुप्फुसाला आतून पडत चालले होते. वण पडलेली जागा फुगत नाही. गोळ्यांनी आजाराचा वेग कमी होईल, पडलेले वण जाणार नाहीत.

हे खाली मान घालून ऐकत होते. डॉक्टर थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं, "मंग जी, शिंगाड्याच्या टायमाले मले पान्यात उतरता येईन ना?"

"नाही, बाबाजी. आता पाण्यात नाही."

मला आजाराचं नाव धड कळलं नव्हतं, पण हे 'नाही' कळलं. ह्यांचा चेहरा पाहवेना, म्हणून मी पिशवीत उगाच काहीतरी शोधत बसले.

आम्ही साकोली तालुक्यातले, सानगडीच्या बाजूचे ढिवर. तलावातले मासे आणि शिंगाडा हाच घरचा धंदा. मी अंगणवाडी सेविका होते, यथावकाश निवृत्त झाले. ह्यांना निवृत्ती ठाऊकच नव्हती. शिंगाड्याचा वेल तळाच्या चिखलात खोचायचा तर बुडी मारावी लागते. अडकलेलं जाळं सोडवायलाही बुडीच. पंचक्रोशीत कोणी बुडालं की पोलीस आधी आमच्या दारात यायचे. हे खाली जायचे आणि वर येईपर्यंत काठावरची माणसं देवाचं नाव घेऊ लागायची. लग्नानंतर पहिल्यांदा ती बुडी पाहिली तेव्हा मी काठावर बसून भोकाड पसरलं होतं. वर येऊन म्हणाले, "काहून रडून राहिली वो? मी मेलो का?"

असा माणूस एक दिवस विहिरीवरून बादली आणताना अंगणात मध्येच थांबला. खोकला कोरडा होता. कफ नाही, ताप नाही. हे म्हणाले विडीचा आहे, मी म्हणाले थंड पाण्याचा, शेजारीण म्हणाली नजर लागली. तिन्हींवर उपाय करून झाले. बोटांची टोकं फुगीर दिसायला लागली तेव्हा कुठे साकोलीला दाखवलं आणि तिथून भंडाऱ्याला पाठवलं. वाचणाऱ्याला एवढंच सांगते, कोरडा खोकला हटत नसेल आणि चढावर दम लागत असेल, तर ते वयावर ढकलू नका.

तिथे आधी एचआरसीटी काढायला लावला, म्हणजे छातीच्या आतले बारीक बारीक फोटो. ते काढताना यंत्र सांगतं, श्वास घ्या, रोखून धरा. 'सोडा' असं यंत्राने म्हटल्यावरही ह्यांनी सोडला नाही. फोटो काढणारा घाबरून आत धावला. बाहेर येऊन हे मला म्हणाले, "पाह्य, आहे ना दम अजून." आणि मग बाकावर बसून बराच वेळ खोकत राहिले. मला हसावं की रडावं कळेना.

डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवलं. फिजिओथेरपिस्ट म्हणजे व्यायामाने उपचार करणाऱ्या. मला रागच आला. ज्याला श्वास पुरत नाही त्याला व्यायाम कसला लावता? बाई शांत होत्या. म्हणाल्या, "फुप्फुसं आपल्याला बदलता येणार नाहीत. पण पायांत ताकद राहिली तर तेवढ्याच श्वासात माणूस जास्त चालतो."

व्यायाम तरी काय, खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून हळू सोडायचा, चहावर फुंकर घालतो तसा. ह्याला त्या पर्स्ड लिप ब्रीदिंग म्हणत. आणि उठताना, म्हणजे जोर लावताना, श्वास सोडत उठायचं.

इथेच सगळं अडलं. ह्यांचं अंग नेमकं उलटं शिकलेलं. जोर लावायचा म्हटलं की छाती भरून घ्यायची आणि तोंड गच्च मिटायचं. पाण्याखाली तोंड उघडणारा वर येत नाही, हे लहानपणीच हाडात गेलेलं. खुर्चीवरून उठतानाही ते श्वास धरायचे आणि उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"काका, रोखू नका."

"मी कोठी रोखून राहिलो?" हे चिडून विचारायचे. खरंच त्यांना ते कळत नव्हतं.

मग बाईंनी उठणं थांबवलं आणि नुसतं बसायला लावलं. जबडा आवळलाय का ते बघा. खांदे कानाकडे गेलेत का? पायांच्या बोटांनी काय धरलंय? ह्यांनी खाली पाहिलं. बोटं चपलेत रुतवलेली, जणू खाली तळाचा चिखल आहे. मी पाहतच राहिले. तेवढ्यात बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, तुम्हीपण सोडा." हे उठत असताना मीही श्वास धरून बसले होते. किती वर्षांची ही खोड, कोण जाणे.

तेव्हापासून अंगणात आम्ही दोघं समोरासमोर बसून व्यायाम करू लागलो. शेजारणी कुंपणावरून म्हणायच्या, "म्हातारा-म्हातारी कवायत करून राहिले वो!" पल्स ऑक्सिमीटर आणला होता. तो बोटाला लावायचा चिमटा, रक्तातला प्राणवायू किती ते दाखवतो. आकडा उतरला की हे त्याच्यावर डोळे वटारायचे. मी म्हणायचे, "अजी, तो का तुमचा साळा आहे?" तेवढ्यापुरते हसायचे. पण नजर तलावाकडे.

वेल लावायचे दिवस जवळ आले. एका सकाळी मी दळण घेऊन परतले तर हे न्हाणीत वाकलेले, तोंड पाण्याने भरलेल्या गंगाळात. मला वाटलं तोंड धुताहेत. मग डोक्यात उजेड पडला. हे बुडी मारून बघत होते. मी हात लावायच्या आत ते बाजूला कलंडले. ओठ निळे पडले होते.

भंडाऱ्याच्या वॉर्डात त्यांना मास्क लावला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "ऑक्सिजन फार खाली गेला होता. आता घरीही मशीन लागेल." त्या मशीनला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणतात, ते खोलीतल्या हवेतूनच प्राणवायू काढून देतं. मी बाकावर बसून रडले. दुःखाने नाही, आधी रागाने. दुःख मागून आलं.

शुद्धीवर आल्यावर मास्कच्या आतून म्हणाले, "मले फक्त पाह्याचं होतं. तो दम आहे का गेला."

"गेला," मी म्हटलं. "तो गेला. उरला आहे तेवढा तरी माझ्यासाठी ठेवा."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाठ हलत होती. मरणाला ते कधी भ्याले नाहीत, पण पाण्यात उतरणं सुटलं म्हणून लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

पुढचा हिवाळा त्यांनी पाहिला नाही. हे आताच सांगते, म्हणजे तुम्ही उगाच आस लावून वाचणार नाही.

पण मधले काही महिने मिळाले, आणि ते त्यांनी मनापासून काढले. उठण्याआधी जबडा, खांदे, पायाची बोटं तपासायची. ओठांचा चंबू करायचा. बाईंनी सांगितलं होतं, थकून थांबू नका, थकायच्या आधी थांबा. घरात ते जमायला लागलं. रस्त्यावर मात्र थांबायला ह्यांना निमित्त लागायचं. कधी चप्पल नीट करायची, कधी कोणाच्या बैलाची चौकशी. गावातल्या सगळ्या बैलांची तब्येत आम्हाला पाठ झाली होती.

शिंगाडे निघू लागले होते. डॉक्टरांनी मशीनशिवाय थोडं चालायची मुभा दिली होती. त्या संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीकडे, म्हणजे बांधाकडे निघालो. पुलियापाशी, वाटेतल्या लहान पुलावर, हे थांबले आणि सरळ कठड्यावर बसले. गाव येत-जात होतं. मागून देवाजीभाऊ आले, सायकलवर शिंगाड्याचं पोतं लादून. ते ह्यांच्या जोडीचे. तरुणपणी दोघांच्या बुडीची पैज लागायची, आणि कोण जिंकलं यावर म्हातारपणीही भांडण होतं.

"काहून बसला गा, श्रावण?"

चप्पल तुटली असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण हे आधी बोलले.

"थकलो गा. दम नाही पुरत."

भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आमच्या संसारात हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

देवाजीभाऊंनी सायकल झाडाला टेकवली आणि ह्यांच्या बाजूला बसले. खाली बघत म्हणाले, "मलेबी नाही पुरत, बाप्पा. मागच्या सालापासून. घरी सांगितलं नाही कोनाले."

"खोकला कोरडा आहे का?" ह्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग उद्याच साकोलीले जा. अन् आज घरी सांग."

अंधारू लागलं तसे देवाजीभाऊ उठायला निघाले. गुडघ्यांवर हात टेकले, छाती भरून घेतली, तोंड गच्च मिटलं. ह्यांनी त्यांचं मनगट धरलं.

"रोखू नको गा," हे म्हणाले. "सोडत सोडत उठ. आता आपुन पान्यात नाही."