फीत कापायच्या आधीचं रीडिंग

न्हावा शेव्याजवळच्या एका यार्डात थंड कंटेनर उभे असतात. दर चार तासांनी प्रत्येकाचं तापमान वाचावं लागतं. एक रीडिंग चुकलं आणि नेमकी तेव्हाच वीज तुटलेली असली, की आतली कोलंबी परदेशाऐवजी खड्ड्यात जाते. हे काम संगणकावर आणायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

त्याआधी ते काम कार्डांवर चालायचं, आणि कार्डं सांभाळायच्या उरणकडच्या एक ताई. एका कंटेनरचं एक कार्ड, त्यावर पुढच्या रीडिंगची वेळ. लाकडी ट्रेमध्ये सगळ्यात लवकरची वेळ सर्वांत पुढे. ताई फक्त पुढचं कार्ड बघत. रीडिंग आलं की नवी वेळ लिहून कार्ड आपल्या जागी मागे खोचत.

मला हे जुनाट वाटलं. माझा प्रोग्रॅम दर मिनिटाला सगळ्या कंटेनरांना ओळीने विचारायचा, "तुझी वेळ नेमकी याच मिनिटाची का?" आणि यार्डातून गेलेला कंटेनर सापडला की त्याच फेरीत यादीतून काढून टाकायचा.

चाचणीच्या तिसऱ्या दिवशी ताईंनी हाक मारली.

"बाय, तुजा कोलंबीचा डबा गप का? माजं कार्ड तर पुढं आलंय."

माझ्या पडद्यावर काहीच नव्हतं. शोधलं तेव्हा कळलं: एक कंटेनर काढला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकत होते, आणि लगेच मागचा न विचारताच राहून जात होता. त्याचं ते मिनिट एकदा गेलं की गेलं. कार्ड होतं म्हणून कोलंबी वाचली. व्यवस्थापकांनी शांतपणे सांगितलं, अजून एक चूक झाली तर प्रोग्रॅम बंद.

"सगल्यांना कशाला विचारतेस?" ताई म्हणाल्या. "पुढचा एकच बघ ना."

"आणि मधलाच कंटेनर निघून गेला तर? त्याचं कार्ड शोधून काढता?"

"येडी का तू? पुढं येईल तवा बघू. नसला तर कार्ड टाकून द्यायचं."

कॉलेजात अशाच वेळेनुसार लावलेल्या रांगेवर मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिलं होतं. तेव्हा ती समजली नव्हती, फक्त गुण मिळाले होते. आता प्रोग्रॅममध्ये 'घटना' नावाचा एक क्लास, म्हणजे ताईंच्या कार्डासारखाच एक साचा, लिहिला: वेळ, कंटेनर आणि करायचं काम. घटनांची वेळेनुसार रांग. पहिली घटना उचलायची, कंटेनर यार्डात आहे का बघायचं, काम करायचं, आणि तिच्याकडूनच पुढची घटना रांगेत घालायची. सगळं मिळून एका पानात बसलं. आठवडाभर कार्डं आणि पडदा शेजारी शेजारी चालले, आणि एकदाही वेगळं बोलले नाहीत.

मग उद्घाटन ठरलं. मुख्य कार्यालयाचे साहेब साडेदहाला येणार होते. कोणीतरी मॉनिटरला लाल फीत बांधली, तीही अशी की अर्धा पडदा झाकला जावा. साहेब येईपर्यंत हात लावायचा नाही, असा निरोप होता. ताईंनी त्या दिवशी ट्रे कपाटातून काढलाच नाही. हे माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसावं.

अकरा वाजले. साहेब वाशीच्या पुलावर होते. पडद्यावर कोलंबीच्या कंटेनरची ओळ उमटली, नेमकी फितीखाली. ताईंनी एका बोटाने फीत वर उचलली, नंबर वाचला आणि माणूस पाठवला. त्याचा फोन आला: प्लग सैल झालाय, तापमान चढायला लागलंय. प्लग बसवला. पंधरा मिनिटांत पारा खाली आला.

साहेब बाराला आले. डिजिटल युगाच्या पहाटेबद्दल बराच वेळ बोलले आणि फीत कापली.

"तर आता सुरू करा," ते ताईंना म्हणाले.

"कवाच सुरू झालं, साहेब. तुमचा नंबर मागे व्हता."

प्रोग्रॅम अजून चालतो. तो कोणी लिहिला हे यार्डात आता फारसं कोणाला ठाऊक नाही. पण ट्रे तेव्हापासून कपाटातच आहे, आणि माझ्या कामाचं याहून चांगलं प्रमाणपत्र मला अजून मिळालेलं नाही.