बाराशे किलोमीटर आणि पाण्यातले देव

गेल्या गुरुवारी बनारसच्या ब्रह्मा घाटावर असा कोहरा, म्हणजे दाट धुकं, होता की खिडकीतून समोरची गंगाही दिसेना. आणि नेमकी त्याच दिवशी मुक्ता पुण्याहून विमानाने येणार होती...

मुक्ता माझी मुलगी. सातवा महिना, पहिलंच बाळंतपण, जावईबापूंना रजा नाही, म्हणून एकटीच. आमचे हे म्हणत होते, मी जाऊन ट्रेनने घेऊन येतो. पण दीड दिवस गाडीचे हादरे नकोत, म्हणून मीच हट्ट धरला. रिक्षाचे पैसे वाचवायला पायी जाणारी मी, विमानाचं तिकीट काढा म्हणाले. म्हणजे काही झालं असतं तर दोष माझाच.

मोबाइलवर बघून ठेवलं होतं. पुणे ते बनारस हवाई अंतर साधारण बाराशे किलोमीटर, वेळ दोन तास. दहाला निघणार, बाराला उतरणार. मॅट्रिकच्या गणितात एवढं बसतं.

दहाला तिचा मेसेज आला, विमानात बसले, फोन बंद करतेय. मी लगेच बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा गंगाजलात ठेवले. माझ्या आईची रीत... जिवाला घोर लागला की देव पाण्यात ठेवायचे, माणूस सुखरूप घरी आलं की काढायचे. हे हसले. दोन तासांच्या प्रवासाला कोणी देव पाण्यात ठेवतं का, म्हणाले.

बारा वाजले. सव्वाबारा... फोन बंदच. मग यांनी मोबाइलवर तो नकाशा उघडला, ज्यात विमान चिमणीएवढं दिसतं. विमान बनारसला आलं होतं, पण खाली उतरेना. नुसतं गोल गोल फिरत होतं.

"प्रदक्षिणा घालतंय गं. काशीला आलंय, घालू दे," हे म्हणाले. पण हसले नाहीत.

मी तीन फेऱ्या मोजल्या. चौथ्या वेळी ती चिमणी वळली आणि भलतीकडेच निघाली... मंगला गौरीला नवस बोलायला गेले, तर "आई गं"च्या पुढे शब्दच फुटेना.

एक वाजून गेल्यावर फोन वाजला. कोहऱ्यामुळे विमान लखनऊला नेलं होतं. मुक्ता ठीक होती, बाळ हलत होतं. विमानातल्याच एका बनारसी आजींच्या गाडीतून ती येणार होती. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली,

"आई, आधी देव काढ बरं पाण्यातून. एवढ्या थंडीत गारठले असतील."

मी तिला सांगितलंही नव्हतं...

पण काढले नाहीत. लखनऊ म्हणजे घर नव्हे. जे हादरे चुकवायला विमान केलं, तेच आता पोरगी रस्त्याने खात येणार होती. दिवेलागणीनंतर ती दारात उभी राहिली. पाय धुतले, सरळ देवघरात गेली, देव स्वतःच्या हाताने काढले आणि अंगावरच्या शालीने पुसले. तेव्हा कुठे मी खाली बसले.

आता घोर पुढचा. तान्हं बाळ घेऊन ती याच वाटेने परत जाईल. तुमच्यापैकी कुणाची लेक अशी गेली असेल, तर मला जरूर कळवा. अंतर आणि वेळ नका लिहू, ते मला पाठ आहे... ते दोन तास तुम्ही घरी कसे काढलेत, तेवढं लिहा.