बायपॉडचे जोडे

नोलीन बर्डेट रागावली की कणीक जरा जास्तच मळते, हे कातरणीच्या शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीचा स्वयंपाक ती कित्येक वर्षं करत आली होती. चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे भट्टीत भाजलेले छोटे पाव, दगडासारखे आले, की ही दांडगी माणसं मान खाली घालून मुकाट चावत बसायची. त्या वर्षी उन्हाळाभर स्कोन तसेच येत राहिले. राग मात्र शेडमधल्या कुणावर नव्हता, तिचा स्वतःवरच होता.

आदल्या हिवाळ्यात तिनं एका ताहरला गोळी घातली होती. ताहर म्हणजे आमच्या कड्यांवरचा झुपकेदार आयाळीचा रानबोकड. गोळी लागली, पण नको तिथे. बोकड लंगडत कड्याआड गेला तो गेलाच. अंधार पडेपर्यंत तिनं शोधला, दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा शोधला, आणि रिकाम्या हातांनी परत आली. चूक कुठे झाली हे तिला पक्कं माहीत होतं. रायफलीच्या नळीखाली लावायचा बायपॉड, ते दोन लोखंडी पाय, तिनं वजनाला कंटाळून घरी ठेवले होते. गुडघा कुरकुरत होता, चढण उभी होती. म्हटलं, एक दिवस पाठपिशवीवर नळी टेकवून भागेल. भागलं नाही, आणि हाल त्या मुक्या जिवाचे झाले.

ख्रिसमसला, म्हणजे आमच्याकडे ऐन उन्हाळ्यात, भर उन्हात अंगणात जेवण मांडलेलं असताना तिनं धाकट्या भावाला, कॉलिनला सांगून टाकलं, "हिवाळ्याआधी वरच्या खडकावरून माझी पहिली गोळी बरोबर बसायला लागली नाही, तर बाबांची रायफल तुझी. मी परत डोंगरात जाणार नाही."

त्या रायफलीवर कॉलिनचा लहानपणापासून डोळा. तरी त्याचं तोंड उतरलं. "तू घरात बसलीस तर आम्हाला खायला उठशील," तो म्हणाला. "थांब, मी तुला हलका बायपॉड करून देतो."

कॉलिन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. मासे धरायच्या मोडक्या काठ्यांच्या कार्बनच्या नळ्या कापून, जिथे म्हणून धातू लावावा लागला तिथे भोकं पाडून पाडून त्यानं वजन उतरवलं. बायपॉड तयार झाला तेव्हा हातात काही आहे असं वाटेना. घरामागच्या कुरणात गवतावर पालथं पडून त्यानं स्वतः गोळ्या झाडल्या. सगळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या.

"बघ. झालं काम," तो म्हणाला.

"गवतावर झालं. ताहर तुझ्या कुरणात चरायला येणार असतील, तर मी घरूनच मारते की."

तिची परीक्षा वेगळी होती. रोज सकाळी घरामागचा डोंगर चढायचा, वरच्या उघड्या खडकावर आडवं व्हायचं, आणि घळीपलीकडे टांगलेल्या लोखंडी पत्र्यावर एकच गोळी झाडून खाली यायचं. चुकली तरी दुसरी नाही.

"अगं, दुसरी झाडल्याशिवाय कळणार कसं?" कॉलिन वैतागला.

"बोकड थांबतो का दुसरीला?"

पहिल्या दिवशी पत्रा वाजला नाही. त्याच्या वरच्या उतारावर माती उडाली. नंतरही तेच. गवतात बायपॉडचे पाय जरा रुततात आणि गप्प राहतात, पण खडकावर हे हलके पाय बार होताच टुणकन उडत आणि गोळी वर जाई. कॉलिन म्हणाला, रायफलीवरची दुर्बीण जुळवून नेम खाली घे. ती म्हणाली, मग मातीवरून झाडलेली खाली जाईल, त्याचं काय करू? तिनं पायांना कुबडीच्या टोकाचं रबर बसवून पाहिलं. ते चार दिवस चाललं, आणि दहिवर पडल्यावर कडक होऊन दगडावरून घसरलं. बायपॉडच्या पायांना हातमोजे घालून पाहिले, तर ते गोळा होऊन एक पाय वर आणि एक खाली.

गुडघा सुजला. कॉलिननं तो पाहिला आणि म्हणाला, "नाद सोड, म्हातारे. रायफल नको मला."

"तुला नको असेल. मी बोललेय ना," ती म्हणाली आणि शेकायची पिशवी गुडघ्यावर दाबून बसली. तिला भीती वाटत होती. डोंगर गेला तर आपल्याकडे कणकेखेरीज उरतं काय, हा विचार तिला सुचत होता आणि ती तो बाजूला ढकलत होती.

हिवाळा तोंडावर आला. टोळीचं त्या वर्षीचं शेवटचं शेड चालू होतं. नोलीन चहाची किटली घेऊन उभी होती आणि टोळीतला धिप्पाड टामाटी शेवटची मेंढी कातरत होता. खालच्या फळ्या लोकरीच्या तेलानं नुसत्या बुळबुळीत. मेंढी लाथा झाडतेय, आणि टामाटीचे पाय मात्र फळीला चिकटल्यासारखे. पायांत काय, तर सगळे कातरणारे घालतात ते जाड नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, मऊ जोडे. ते जोडे ती इतकी वर्षं रोज पाहत होती. तिनं किटली खाली ठेवली.

"टामाटी, तुझे जोडे दे."

"नोलीन, पाय आहेत त्यात."

"काढ."

"महिनाभर धुतले नाहीत."

"मला खायचे नाहीत. नवे मी घेऊन देईन."

त्या रात्री तिनं नमदा कापून बायपॉडला अंगठ्याएवढे दोन जोडे शिवले, दुहेरी तळव्यांचे. कॉलिननं कपाळाला हात लावला. "मी भोकं पाडून वजन उतरवलं, आणि तू त्याला बूट घालतेस?"

"थंडीत अनवाणी कोण जातं?"

सकाळी खडक दहिवरानं पांढरा झाला होता. ती धापा टाकत आडवी झाली, बायपॉडचे पाय उघडून टेकवले आणि बार काढला. पाय उडाले नाहीत. क्षणभरानं घळीपलीकडून पत्र्याचा टणत्कार आला. पुढच्या सकाळी पुन्हा आला. पावसातही आला. एका सकाळी तिनं दम खाल्ला नाही आणि गोळी बाजूला गेली. ती चूक बायपॉडची नव्हती, म्हणून तिनं लागोपाठच्या सकाळींची मोजणी मुकाट पहिल्यापासून सुरू केली, आणि हिवाळ्याआधी पुरी केली.

पहिलं बर्फ पडल्यावर ती कॉलिनला घेऊन वर गेली. दुपारी समोरच्या कड्यावर एक थोराड नर उभा दिसला. ती खडकावर पसरली.

"मार ना," कॉलिन कुजबुजला.

"दम खाऊ दे."

नर वळला, चार पावलं गेला, थांबला. कॉलिनचा जीव टांगणीला लागला होता. ती घाई करेना. मग एकच बार झाला, आणि नर उभ्या जागी गुडघे मोडून बसला, कलंडला, पुन्हा हलला नाही.

"गेली माझी रायफल," कॉलिन म्हणाला.

"गेली."

मांसाचा अर्धा भार तिनं हट्टानं आपल्या पाठीवर घेतला. उतरताना वाट त्या कड्यापाशी आली, जिथे आदल्या वर्षीचा बोकड दिसेनासा झाला होता. नोलीन थांबली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसले नाहीत.

"हे सगळं तुझ्यासाठी केलं रे," ती खालच्या दरीकडे बघत म्हणाली. "एक वर्ष उशिरा."

कॉलिन बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी सुटलेली नव्हती, तरी तिची पावलं पुन्हा वाजेपर्यंत तो ती बांधत राहिला.