हिराजीदादांचं शिसं

हिराजीदादांनी माझा दात पाडला, तिथून आमचा घरोबा सुरू झाला. वरचा, अगदी समोरचा दात. मी कळव्यात नुकताच राहायला आलो होतो. आमची इमारत नवी, तिच्या कुंपणाला लागून जुनं आगरी गाव आणि त्यातलं पहिलंच घर दादांचं. दारात एक काळी अँबॅसिडर उभी असायची. त्या सकाळी दादा गाडीच्या टाकीचं झाकण काढून आत काहीतरी टाकत होते. जाळ्याच्या खालच्या कडेला बांधतात ती शिशाची छोटी वजनं. मी रसायनशास्त्राचा मास्तर, मला गप्प राहवेना.

"हे काय टाकताय?"

"शिसा. सरकारनी पेट्रोलमदला शिसा काढून टाकला. माजा इंजान सुकतंय. मंग मी माज्या हातानी घालतंय."

"अहो, पण हे असं विरघळत नाही. पेट्रोलमध्ये घालायचे ते शिशाचं संयुग वेगळं. हे नुसतं तळाशी पडून राहील."

"मंजे मी येरा हाय?"

"वेडे नाही हो, पण..."

'पण'च्या पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. उंचीने दादा माझ्या खांद्याला लागायचे, पण तरुणपणी मिठागरावर काम केलेलं ते मनगट होतं. मी कुंपणावर आपटलो आणि दात हातात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा गृहस्थ माझ्या दारात हजर. "चल, गारीत बस. हात माजा, तर औषद बी माजा." ठाण्यात खोपटला एका दातांच्या डॉक्टरकडे नेऊन त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः डॉक्टरच्या मागे उभे राहिले. "मास्तरला दुखला तं तुजा बी दात हातात येल," असं त्याला बजावलं. डॉक्टरचे हात इतके थरथरत होते की मला दुखायचं ते दुखलंच. मी ओरडलो नाही, त्या बिचाऱ्याच्या काळजीपोटी.

ती गाडी दादांच्या वडिलांनी जमीन विकली तेव्हा घेतलेली, गावातली पहिली. वडिलांनी तिला एक कामही लावून दिलं होतं. गल्लीतली कुठलीही मुलगी, आगऱ्यांची असो की मागच्या चाळीतली, सासरी निघाली की याच गाडीतून जायची. दादा स्वतः चालवायचे. गाडी सुरू करण्याआधी आरसा वळवून मागच्या नवरदेवाच्या डोळ्यांत बघायचे आणि सांगायचे, "जावयबापू, पोरगी मी सोरतंय. तिनी फोन केला तं आनायला बी मीच येन. तवा गारीला फुलं नसतीन." नवरदेव हसायचा. दादा हसत नसत.

असा एक फोन मी पाहिला. चाळीतली मंजू, विहारात लग्न लागून डोंबिवलीला गेलेली. दुपारी दादा आले. "मास्तर, चल. चष्मा लाव. तू संगं असलास की पोलिस आपला आयकतान." तिथे पोचलो, दार नवऱ्यानेच उघडलं. मंजू स्वयंपाकघराच्या दारात उभी, ओठ फाटलेला, एक डोळा बंद. दादांनी काही विचारपूस केली नाही. एवढंच म्हणाले, "कनच्या हातानी मारला?"

"उजव्या," मंजू म्हणाली.

दादांनी त्याचा उजवा हात चौकटीवर दाबला आणि दुसऱ्या हाताने दार लोटलं. दोनदा. हाड मोडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला आणि मला तो बरा वाटला. शिक्षकाने असं म्हणू नये, पण मंजूचा तो डोळा ज्याने पाहिला नाही त्याने मला शिकवू नये.

मंजूला घेऊन परतताना मुंब्र्याच्या बायपासच्या चढावर गाडीने दम सोडला. पहिल्या गियरमध्येही ती रांगत होती. मागून मंजूचे दोन दीर बाइकवर आले. दगडाने मागची काच फोडली, आडवे आले. दादा डिकीतून गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल घेऊन उतरले. एकाची सळई त्यांच्या कपाळावर बसली, तोवर त्यांच्या हँडलने त्याचा गुडघा गेला होता. दुसऱ्याला त्यांनी रस्त्याच्या कठड्यावर डोकं धरून आपटलं. ट्रकवाले थांबले नसते तर त्या दिवशी खूनच पडला असता. डोळ्यात रक्त उतरत असताना दादा पुन्हा स्टिअरिंगवर बसले आणि मंजूला म्हणाले, "घाबरू नको. इंजान थोरा थकलाय. शिसा कमी परला." घरी आल्यावर डोक्याला पट्टी बांधायच्या आधी त्यांनी टाकीत आणखी मूठभर वजनं टाकली.

कल्याणला त्यांचा एक जुना मेकॅनिक होता. मी हट्टाने दादांना त्याच्याकडे नेलं. त्याने बॉनेट उघडून बराच वेळ कान दिला. "दादा, व्हॉल्व्हवरचे टॅपेट वाजतच नाहीत."

"कशे वाजतीन? शिसा टाकल्यापासनं टिकटिक बंद झायली. बरा झायला माजा इंजान."

"बरं नाही झालं, मरायला लागलंय," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे बसायच्या जागेवर, सारखा आपटत असतो. शिशाचं पेट्रोल होतं तेव्हा मध्ये पातळ थर राहायचा. आता नुसतं लोखंडावर लोखंड. सीट झिजून व्हॉल्व्ह आत आत चाललाय, म्हणून वरची फट मिटली, म्हणून आवाज नाही. एक दिवस व्हॉल्व्ह बंदच होणार नाही, मग इंजिनात दाब कुठून येणार? हेड खोलू द्या. कडक पोलादाच्या रिंगा बसवतो, मग हेच पंपावरचं पेट्रोल घाला खुशाल."

दादांनी त्याच्या कानफटात मारली. तो पान्यांच्या ट्रेवर जाऊन पडला. "माज्या बापाचा इंजान उघरा करनार? आवाज नाय तं दुखना नाय," एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले.

त्याच सुमारास दादांच्या घरातलाही आवाज बंद झाला होता. मी राहायला आलो तेव्हा कुंपणापलीकडून भांडी आपटल्याचं, दादांच्या शिव्यांचं आणि सोनूवहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, किंकाळ्यांचं रोजचं ऐकू यायचं. दुसऱ्यांच्या लेकींसाठी माणसांची हाडं मोडणारा हा माणूस स्वतःच्या बायकोला मारायचा. मला त्याची चीड होती आणि तीन वेळा मी कुंपण ओलांडून गेलोही होतो. "अजून दात हायेत ना तोंडात?" हे दादांचं उत्तर ठरलेलं असायचं. आता मात्र सगळं शांत. गल्ली म्हणायला लागली, वय झालं, निवळले. मलाही हायसं वाटलं.

मग एकदा वहिनी आमच्याकडे सुकट द्यायला आल्या. वाटी ठेवताना पदर सरकला. खांद्यापासून कोपरापर्यंत वळ होते, काही पिवळे पडलेले, काही ताजे. माझ्या बायकोने त्यांचा हात धरला. "वहिनी, अहो, ओरडत का नाही?"

"वरडून काय करू? तो थांबत नाय, नि गाव आयकून टीव्ही मोठा करतंय. वरडला की घसा बी दुखतंय." एवढं सांगून त्यांनी आपली रिकामी वाटी मागितली.

शेजारच्या दीपालीचं लग्न आलं. अँबॅसिडर झेंडूने सजली, बेंजो वाजत होता, सासर अंबरनाथला. नवरी शालू नेसून दारात उभी. सगळ्यांसमोर वहिनी दादांना म्हणाल्या, "पोरीला भर चढनीवर उतरवाल. गारीत जीव नाय. आज दुसरी गारी बोलवा."

दादांनी उलट्या हाताने मारलं. आवाज बेंजोवरून ऐकू आला. वहिनी उंबऱ्यावर पडल्या, कानातलं तुटून पाळी फाटली आणि रक्त मानेवरून चोळीत उतरलं. बेंजो थांबला. कुणी हललं नाही. वहिनी उठल्या, पदराने कान दाबला, चालत गेल्या आणि गाडीचं मागचं दार उघडून नवरीच्या जागेवर बसल्या.

"मना शहाडला सोरा. माज्या भावाकरं."

"उतर खाली."

"सगल्या पोरींना आनायला जातास ना तुमी? मना आनायला कोन येनार व्हता?"

दादांनी वहिनींना ओढायला हात घातला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने मंजू, पाहुण्यांमध्ये आलेली, गाडीत शिरली आणि वहिनींना बिलगून बसली. "दादा, आता मला पण मारा," ती म्हणाली. तिच्यामागे दीपाली आली, मुंडावळ्या तशाच, आणि तिने वहिनींच्या बाजूचं दार बाहेरून लावून घेतलं. "काका, आदी काकीला सोरा. मी थांबतंय." दादांचा हात वर गेला होता तो तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाला मारायचं ते कळेना. मग ते स्टिअरिंगवर बसले. "मास्तर, बस."

शहाडपर्यंत वहिनींच्या रक्ताचा आणि झेंडूचा वास गाडीत कोंडला होता. शहाडच्या पुलाच्या चढावर इंजिनाने एक खोल उसासा टाकला आणि ते बंद पडलं. दादा हँडल घेऊन पुढे गेले. त्यांनी फिरवलं. ते विहिरीवरच्या रिकाम्या रहाटासारखं सैल फिरलं, कारण आत दाबच उरला नव्हता. दादा फिरवत राहिले, घाम गळत राहिला, मागे भोंगे वाजायला लागले.

मग ते हँडल त्यांनी गाडीवरच उचललं. पुढचे दोन्ही दिवे फोडले, बॉनेट चेचलं, काच फोडली. काचेचे तुकडे मागे वहिनींच्या मांडीवर उडाले. "मर! मर तू!" ते ओरडत होते, आणि ते गाडीला म्हणत होते की आणखी कुणाला, हे मला ठाऊक नाही. मंजूने वहिनींना बाहेर काढलं. वहिनींनी लुगड्यावरच्या काचा झटकल्या आणि त्या पूल उतरून चालू लागल्या. दादांच्या मुठी रक्ताने माखल्या होत्या. रिक्षावाल्यांनी आणि मी मिळून त्यांना धरलं.

"ती मागं बघते काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. दीपाली त्या दिवशी भाड्याच्या गाडीने सासरी गेली.

ज्याला थोबाडीत मारली त्याच मेकॅनिकने शेवटी हेड खोललं. दादा त्याच्यासमोर जमिनीवर बसून होते. झिजून खड्डा झालेल्या सीटवरून त्यांनी अंगठा फिरवला आणि त्याला म्हणाले, "तू बोलला व्हतास." टाकीतून पातेलंभर वजनं निघाली, जशी टाकली तशीच. नव्या रिंगा बसल्या, टॅपेट पुन्हा टिकटिकायला लागले, पत्रा ठोकून झाला. साध्या पंपावरच्या पेट्रोलवर गाडी पूल अशी चढली की दादा माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले.

शहाडला मेहुण्याच्या दारात त्यांनी हॉर्न दिला. वहिनी बाहेर आल्या. मार बसलेल्या कानाने त्यांना आता ऐकू येत नव्हतं, म्हणून मान वळवून दुसऱ्या कानाने त्यांनी इंजिन ऐकलं. "गारी बरी झायली."

"झायली. आता कंय थांबनार नाय. चल."

"मी नाय येत."

दादांची मूठ वळली. मी गाडीतून उतरलो. दादांनी ती मूठ स्वतःच्या मांडीवर दाबून धरली. "हात उचलनार नाय. देवाशपत."

"गारीचा पुलावर चरली की कलतंय," वहिनी म्हणाल्या. "तुमचा मना कशावरशी कलल?" वहिनींनी दादांना तांब्याभर पाणी दिलं, त्यांनी ते उभ्याने प्यायलं आणि आम्ही परत आलो. वाटेत ते म्हणाले, "दाखवन तिला. एक वरीस मना कोनी राग आनू नका." मीही मनापासून तीच आशा धरली. मला हा माणूस आवडायचा, याला माझा इलाज नव्हता.

वर्ष भरायच्या आत डोक्यातली शीर फुटून दादा गेले. अंगणात माणसं मावत नव्हती, त्यांनी सासरी पोचवलेल्या लेकी कुठून कुठून आल्या होत्या आणि धाय मोकलून रडत होत्या. सोनूवहिनी भावाबरोबर आल्या. कोरड्या डोळ्यांनी त्यांनी दादांकडे बघितलं आणि मला बाजूला बोलावलं.

"मास्तर, तुमी खरा सांगाल. मी गेल्यावर यांनी कोनाला मारला काय?"

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपली रीत आहे. नाही म्हटलं असतं तर दादांचं नाव राहिलं असतं. पण मग ही बाई उरलेला जन्म आपण परत गेलो असतो तर बरं झालं असतं, असं म्हणत काढणार, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "गेल्याच आठवड्यात. पेट्रोल कमी भरलं म्हणून पंपावरच्या माणसाचं नाक फोडलं. त्याआधीही."

वहिनींनी डोळे मिटले. "मंजे मी नाय आयली ते बरा केला."

"बरं केलंत."

मग त्या आत गेल्या, दादांचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला.