मिशीवर लुकलुकणारे इंडिकेटर

न्हावऱ्याहून शिरूरला कामावर जाताना रोज माझ्या स्कूटरपुढं एक दूधवाला असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मनातल्या मनात त्याला जी नावं ठेवली, ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन, डोक्याला मफलर, आणि फाटा आला की काही न सांगता गपकन उजवीकडं वळायचं, ही त्याची रीत.

एकदा मी त्याच्या कॅनवर आदळता आदळता वाचलो. पुढं जाऊन गाडी आडवी घातली. "अहो मामा, इंडिकेटर कुठंय?"

"हाय की!" त्यानं ऐटीत हँडलकडं बोट दाखवलं. मागचे इंडिकेटर कॅन घासून सारखे फुटायचे, म्हणून त्यानं ते पुढं आरशांखाली बसवून घेतले होते. तोंड त्याच्याकडंच! पिवळा उजेड त्याच्याच मिशीवर लुकलुकत होता.

"अहो, पण मागच्याला दिसायला नको का?"

"वळायचं मला हाय," तो शांतपणे म्हणाला. "आन् मी इथं वळतो, ह्ये समद्या रस्त्याला ठाव हाय."

मी कपाळावर हात मारला.

पुढं गावात दूध न्यायला टेम्पो येऊ लागला आणि हा दूधवाला दिसेनासा झाला. सुटलो, म्हटलं. पण परवा त्याच फाट्यावर माझी बोटं आपोआप ब्रेकवर गेली. मागचा मोटारसायकलवाला डाफरला, "ओ, मधीच का थांबला?"

"अहो, ते वळतात इथं!" मी त्याच्यावरच ओरडलो.

पुढं रस्ता पार रिकामा होता.